हौसेच्या पैशाला खातं कोणतं? हात आखडणाऱ्या मुंबईकरांसाठी एक परीक्षण

हे परीक्षण उधळ्या माणसांसाठी नाही. त्यांच्यासाठी सल्ल्यांचा बाजार बारा महिने भरलेला असतो: कार्ड घरी ठेवा, रोख वापरा, खर्चाची वही लिहा. इथे विचार केलाय तो उलट्या स्वभावाच्या माणसाचा. पगार वेळेवर येतो, घराचा हप्ता जातो, मुलांची फी भरलेली असते, एसआयपी चुकत नाही. पण स्वतःसाठी बाराशे रुपयांची चप्पल घ्यायची म्हटली की जिवावर येतं. रानडे रोडवरचा दुकानदार तिसरा जोड काढून दाखवतो आणि गिऱ्हाईक "बघून येतो पुढे" म्हणत दादर स्टेशन गाठतं. घेतलीच चप्पल, तर ती पायाला चावायच्या आधी डोक्याला चावायला लागते.

अशा माणसाला पैसे कमी पडत नसतात. त्याचं सगळं एकाच खात्यात असतं, आणि घोळ तिथे होतो. ज्या खात्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल आणि आईच्या गोळ्या जातात, त्याच खात्यातून जलरंगांचा डबा घ्यायचा; म्हणजे प्रत्येक हौस कुणाच्या तरी ताटातून ओढून घेतल्यासारखी वाटते. माणूस मनातल्या मनात पैशांवर चिठ्ठ्या लावतो, हा भाड्याचा, हा आजारपणाचा, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८०च्या दशकातच मांडलं. २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९८मध्ये प्रेलेक आणि लोवेनस्टाइन या दोन संशोधकांनी पैसे मोजताना होणाऱ्या वेदनेबद्दल लिहिलं. पैसे आधीच देऊन झाले असतील तर वस्तू वापरताना ती फुकटात मिळाल्यासारखी वाटते, आणि हप्ते बाकी असतील तर वापरताना टोचत राहतं, असं त्यांचं म्हणणं. २००८च्या आणखी एका अभ्यासात, ही वेदना जरा जास्तच होणारी माणसं स्वतःलाच हवा असतो त्यापेक्षाही कमी खर्च करतात, असं दिसलं. आपल्याकडे त्यांना चिकट म्हणून मोकळं होतात. पण चिकट माणसाला खर्च न केल्याचं समाधान तरी मिळतं. या माणसाला तेही मिळत नाही.

म्हणून परीक्षणाची कसोटी साधी ठेवली आहे. पैशावर "हौस" ही चिठ्ठी खरेदीच्या बऱ्याच आधी लागते का? दुकानाच्या काउंटरवर तो पैसा विनासायास निघतो का? घरखर्च त्याला गिळू शकतो का? आणि या सगळ्या सोयीची किंमत किती? व्याज किती मिळतं हा प्रश्न मुद्दामच शेवटी. महिना हजार रुपयांच्या हिशोबात व्याजाचा फरक चहापाण्याइतकाच पडतो. आकडा पुढे दिलाच आहे.

रोख पाकीट

कपाटात "हौस" लिहिलेला लिफाफा, दर महिन्याला त्यात दोन नोटा. सगळ्यात जास्त सुचवला जाणारा आणि या माणसाला सगळ्यात कमी उपयोगी पडणारा उपाय. रोख मोजून देताना पैसे गेल्याची जाणीव सर्वांत तीव्र असते. उधळ्याला तीच आवर घालते, हात आखडणाऱ्याचा हात तीच आणखी आखडते. शिवाय लिफाफा घरात असला की दूधवाल्याला सुटे, वॉचमनची दिवाळी, मुलाच्या सहलीचे साडेतीनशे, सगळं त्यातून जातं आणि परत भरलं जात नाही. एटीएमचा खर्चही आहे: मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ३ व्यवहार मोफत, स्वतःच्या बँकेच्या ५, त्यापुढे १ मे २०२५पासून एका वेळेला २३ रुपयांपर्यंत शुल्क. हा पर्याय बाद.

यूपीआय लाइट

यूपीआय ॲपमधलं हे छोटं पाकीट, आधी पैसे भरून ठेवायचं. छोट्या हौसेसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. लाइटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका व्यवहारात १,०००पर्यंत पिनशिवाय देता येतात. २०२२मध्ये ही सोय आली तेव्हा एका व्यवहाराची मर्यादा २०० होती, मग ५००, आणि डिसेंबर २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने ती हजारावर नेली. हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवरचं पुस्तक, नाटकाच्या मध्यंतरातला बटाटावडा, फुलवाल्या मावशींकडचा गजरा, सगळं यात बसतं.

पण खरा फायदा पासबुकात आहे. लाइटमध्ये पैसे भरले की बँकेच्या खात्यात एकच नोंद पडते, समजा १,५०० रुपयांची. पुढे १२०ची कॉफी, ८०चं पुस्तक, ६०चा गजरा यांच्या वेगळ्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येत नाहीत. रोज रात्री झोपण्यापूर्वी बँकेचं ॲप उघडून एकेक ओळ उलटतपासणीला घेणाऱ्यांना याचं मोल कळेल. हिशोब हवाच असेल तर यूपीआय ॲपच्या इतिहासात तो असतो, फक्त तो रोज समोर येत नाही.

अडचणी तीन. पहिली म्हणजे, लाइटमधली शिल्लक अपुरी पडली की ॲप मुकाट्याने मुख्य खात्यावर जातं आणि पिन मागतं. घाईत पिन टाकला की पैसे घरखर्चाच्या खात्यातून गेलेले असतात आणि संध्याकाळी पुन्हा तीच हुरहुर. पिन मागितला की थांबून वरचं खात्याचं नाव वाचायचं, ही सवय लावून घ्यावी. दुसरी अडचण, आपोआप भरण्याची सोय. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की ॲप खात्यातून पुन्हा पैसे उचलतं. ही सोय बंदच ठेवा, नाहीतर लावलेल्या मर्यादेला अर्थ उरत नाही. तिसरी, लाइटची शिल्लक त्या फोनशी बांधलेली असते. फोन बदलण्याआधी ॲपमध्ये जाऊन लाइट बंद करावं लागतं, म्हणजे उरलेले पैसे खात्यात परत येतात. हे न करता जुना फोन एक्स्चेंजला दिला की मग ग्राहक सेवेच्या फेऱ्या. फोन हरवला तर पिनची आड नसल्यामुळे फोनचं कुलूप हीच काय ती राखण. यावरच्या पैशाला व्याज नाही, त्यामुळे महिनाभराचंच भरावं.

रिकरिंग

पोस्टाचं आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायचं रिकरिंग खातं, मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यामुळे त्याचं नाव निघणारच. महिना किमान १०० रुपये, पुढे १०च्या पटीत, मुदत ५ वर्षं, व्याज ऑक्टोबर २०२३च्या तिमाहीपासून ६.७ टक्के, दर तिमाहीला चक्रवाढ. महिना १०० भरले तर ६० हप्त्यांचे ६,००० जाऊन हातात ७,१३७च्या आसपास येतात. खातं १५ तारखेच्या आत उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५च्या आत, नंतर उघडलं असेल तर महिनाअखेरीच्या आत. चुकला तर शंभरामागे महिना १ रुपया दंड, आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. ते पुन्हा चालू करायला दोन महिन्यांची मुभा.

हे सगळं लेकीच्या शिक्षणासाठी उत्तम. हौसेसाठी पाच वर्षं म्हणजे फार. तीन वर्षांनंतर मोडता येतं, पण मग व्याज पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी. आणि पाच वर्षांनी एकरकमी पैसे हातात आले की ते हौसेचे राहत नाहीत. ते "आता आलेच आहेत तर" एफडीत जातात.

बँकेचं १२ महिन्यांचं आरडी यापेक्षा बरं, पण फक्त ठरलेल्या एका मोठ्या वस्तूसाठी. दहा-बारा हजारांचा हार्मोनियम, चष्म्याची आवडलेली फ्रेम, नारळी पौर्णिमेला घ्यायची पैठणी. आरडी उघडतानाच मुदत अशी ठेवावी की पैसे खरेदीच्या महिनाभर आधी हातात येतील. बँकेच्या ॲपमध्ये आरडीला टोपणनाव देण्याची सोय असेल तर वस्तूचं नाव टाकावं. ऐकायला बालिश वाटेल, पण "आरडी ००४" मोडून बचत खात्यात टाकायला मन धजावतं, "हार्मोनियम" मोडायला धजावत नाही.

आता व्याजाचा तो फरक. महिना १,००० रुपये, वर्षभर. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत व्याज साधारण ४२५ रुपये. अडीच टक्के देणाऱ्या बचत खात्यात (स्टेट बँकेचा दर जून २०२५पासून हाच आहे) तेवढ्याच पैशांवर १६० रुपये. फरक पावणेतीनशेच्या आत. एवढ्यासाठी डोकं खाजवत बसायचं कारण नाही.

भिशी

चाळीत, ऑफिसात, लोकलच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये अजून चालते. बारा जणींनी हजार हजार काढायचे, दर महिन्याला चिठ्ठी उचलायची, जिची चिठ्ठी तिला बारा हजार. जिला पहिला नंबर लागतो तिला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखं, शेवटचा लागतो तिने वर्षभर बिनव्याजी ठेव ठेवल्यासारखी. बोलीची भिशी असेल तर लवकर उचलणाऱ्याला रक्कम सोडून द्यावी लागते, तो त्याचा व्याजाचा खर्च.

भिशीचा मोठा गुण असा की तिच्या पैशाला समाजाची मान्यता असते. "भिशी लागली, मग साडी घेतली" याला कुणी नाक मुरडत नाही. मोठा दोषही त्यातच: भिशी लागल्याचं घरात सगळ्यांना कळतं. त्याच आठवड्यात फ्रीजचा काँप्रेसर जातो किंवा दिराची फी निघते. लेखी काहीच नसतं, चालवणारी व्यक्ती सोसायटी सोडून गेली तर पोलीस चौकीत दाखवायलाही कागद नसतो. ओळखीतल्या दहा-बारा जणांची, चिठ्ठीची, बोली नसलेली भिशी ठीक. पतपेढीच्या एजंटकडे रोज पन्नास रुपये भरण्याचा प्रकारही याच नात्यातला. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची: ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही.

विनाव्याज हप्ते आणि गिफ्ट कार्ड

आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच हरकत घेतली होती. तेव्हापासून गणित असं बसवलं जातं की बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधी देतो. २४,००० रुपयांचा फोन, ६ हप्ते, वार्षिक १५ टक्के दर धरला तर सूट साधारण १,०१६ रुपये, कर्ज २२,९८४ रुपये, हप्ता बरोबर ४,०००. इथवर खरंच विनाव्याज. पण त्या १,०१६ रुपये व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८३ रुपये, तो तुमच्या माथी. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासकट २३५. झाले ४१८ रुपये. वर, रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती गेली ती वेगळीच. वस्तू परत केली तर प्रक्रिया शुल्क सहसा परत येत नाही, आणि हप्ता रद्द झाला की नाही हे बँकेकडे स्वतंत्रपणे विचारावं लागतं.

पैशाचं सोडा, हात आखडणाऱ्यासाठी हप्ता म्हणजे एक टोचणी सहा महिन्यांत वाटून घेणं. हेडफोन कानाला लावले की ५ तारीख आठवते. ज्याला वस्तूचा आनंद घ्यायचाय त्याने पैसे आधी बाजूला काढावेत, नंतर फेडू नयेत.

गिफ्ट कार्डाबद्दल थोडक्यात: वाढदिवसाला मिळालं तर आनंदाने वापरा, स्वतःसाठी विकत घेऊन ठेवू नका. दुकानाचं स्वतःचं कार्ड फक्त तिथेच चालतं, रोखीत बदलून मिळत नाही, मुदत संपते आणि दुकान बंद पडलं तर पैसे अडकतात.

दुसरं बचत खातं

सगळे पर्याय पाहून झाल्यावर निवड याचीच. यात चकचकीत काही नाही, पण चारही कसोट्यांवर हे उतरतं, फक्त नीट उभं केलं पाहिजे. बिघडतं ते उभारणीतच.

बँक कोणती? पगाराच्याच बँकेत दुसरं खातं काढलं की पैसे वळते करणं सोपं, पण ॲप उघडताच दोन्ही खात्यांची बेरीज एका आकड्यात दिसते आणि चिठ्ठ्या लावण्याचा सगळा खटाटोप पाण्यात. शक्यतो बँक वेगळी घ्या. वेगळ्या बँकेत पैसे पाठवायला खर्च येत नाही: बचत खातेदाराने ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर जानेवारी २०२०पासून शुल्क नाही, आणि डिसेंबर २०१९पासून ती चोवीस तास चालते. किमान शिलकीचा दंड नसलेली बँक बघा. स्टेट बँकेने तो २०२०मध्येच काढला, कॅनरा बँकेने १ जून २०२५पासून. शून्य शिलकीचं "बेसिक" खातं उघडणार असाल तर एक अट आहे, त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असता कामा नये.

खातं मोबाईलवरून उघडत असाल तर व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची ओळख-पडताळणी, पूर्ण करूनच थांबा. मूळ पॅन कार्ड हाताशी, कोऱ्या कागदावर सही, फोनचं लोकेशन चालू, आणि पंख्याचा आवाज नसलेली खोली. नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेलं खातं तात्पुरतं असतं. त्यात १ लाखाच्या वर शिल्लक चालत नाही आणि वर्षभरात पूर्ण केवायसी केली नाही तर व्यवहार अडतात.

मग स्थायी सूचना, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम पगाराच्या खात्यातून इथे आपोआप वळती करण्याचा बँकेला दिलेला आदेश. तारीख पगारानंतर आणि सगळे हप्ते, एसआयपी गेल्यानंतरची; बहुतेकांना ७ ते १० तारखेच्या दरम्यान जमते. १ तारीख ठेवणाऱ्यांची सूचना पगार एक दिवस उशिरा आला की फसते, आणि काही बँका फसलेल्या सूचनेचेही पैसे लावतात. शेवटी उरेल ते हौसेला, असं ठेवलं तर या स्वभावाच्या माणसाकडे कधीच काही उरत नाही; उरलेलं तो गुंतवून टाकतो.

रक्कम किती? हातात येणाऱ्या पगाराच्या २ टक्क्यांनी सुरुवात करा. ६०,००० मिळत असतील तर १,२००. आकडा इतका छोटा हवा की गेलेला कळू नये. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे उत्साहात ५,००० लावणं. दोन महिने बरं वाटतं, तिसऱ्या महिन्यात अपराधी वाटायला लागतं आणि सगळी रक्कम "गरज पडली म्हणून" मूळ खात्यात परत. एकदा परत नेली की खात्याचा दरारा संपला. पैसे या खात्यात येतील आणि इथून फक्त दुकानात जातील, हा नियम मोडायचा नाही. आजारपणाला, नोकरी जाण्याला वेगळा आपत्कालीन निधी हवा; तो नसेल तर आधी तो उभा करा, हे परीक्षण नंतर वाचा. क्रेडिट कार्डाची थकबाकी फिरत असेल तरीही तेच. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज भरत असताना हौसेच्या खात्यात अडीच टक्क्यांनी पैसे ठेवणं शहाणपणाचं नाही.

काउंटरवरची तयारी तेवढीच महत्त्वाची. यूपीआय ॲपमध्ये हे खातं जोडा, आणि पैसे देताना खात्याची यादी उघडून ते निवडण्याचा सराव पाच-पन्नास रुपयांच्या खरेदीवर करून बघा. ॲप आपणहून ठरलेलं खातं पुढे करतं. लॅमिंग्टन रोडवर, मागे चार जण उभे असताना, यादी शोधत बसायला सुचत नाही. प्रत्येक खात्याचा यूपीआय पिन वेगळा ठेवा. चुकीचं खातं निवडलं गेलं तर पिनच जुळणार नाही आणि व्यवहार तिथेच अडेल. लाइट वापरणार असाल तर तेही याच खात्यावर चालू करा, पगाराच्या खात्यावर नको.

आता या खात्याचा खरा रोग. दीड वर्षाने त्यात २२,००० जमलेले असतात आणि एकही वस्तू घेतलेली नसते. हात आखडणाऱ्याने हौसेच्या खात्याचंही बचत खातं करून टाकलेलं असतं, आणि आता तो आकडा मोडवत नाही. यावर दोन उपाय लागू पडतात. एक, बारा हप्त्यांइतकी शिल्लक झाली की स्थायी सूचना आपोआप थांबेल अशी मुदत सुरुवातीलाच द्या. १२ वेळा, नंतर बंद. पुन्हा सुरू करायची ती खरेदी झाल्यावर. दोन, खात्याबरोबर तीन वस्तूंची यादी ठेवा, प्रत्येकीपुढे किंमत आणि दुकान. "काहीतरी छान" अशी नोंद चालत नाही. "रेशमी कुर्ता, २,४००पर्यंत", "बासरी, मध्यम सूर, धोबी तलावच्या दुकानात बघायची", "शिवाजी मंदिरला नाटकाची दोन तिकिटं". शिल्लक किमतीला पोचली की आठवड्याच्या आत खरेदी. दोन वर्षं ग्राहकाने काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं आणि पुन्हा केवायसी करावी लागते, हेही त्यातून टळतं.

खरेदी करताना भावाची चौकशी तीन ठिकाणी, चौथ्या ठिकाणी नाही. घेऊन झाल्यावर त्या वस्तूच्या किमतीची सूचना देणारी ॲप, कार्टमधली तीच वस्तू, सगळं पुसून टाका. सेलमध्ये ती दोनशेने उतरणारच आहे आणि ते कळून कुणाचंही भलं होत नाही. संकेतस्थळावर "फक्त २ शिल्लक" किंवा मागे पळणारं घड्याळ दिसलं तर टॅब बंद करून दुसऱ्या दिवशी पाहा. खोटी घाई दाखवणं, गुपचूप टोपलीत विमा किंवा देणगी घालणं, "नको, मला बचत नको" असं बटण ठेवून लाजवणं, हे सगळं केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नाव घेऊन मना केलेलं आहे. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

वस्तू घरी आणल्यावर पहिला आठवडा खोका, बिल आणि टॅग जपून ठेवा. परत करता येईल एवढं माहीत असलं तरी जीव भांड्यात पडतो. आणि बहुतेक वेळा मग परत करावीशी वाटत नाही. दुकानातून घेत असाल तर पैसे देण्याआधी विचारा: बदलून मिळेल, क्रेडिट नोट मिळेल, की पैसे परत? क्रेडिट नोटची मुदत किती? बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असलं म्हणून सदोष माल तुमच्या गळ्यात राहत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. माल चांगला आहे पण मन बदललं, याला मात्र हा कायदा लागू नाही, तिथे दुकानाचा नियम.

राहिला घरचा प्रश्न. "कितीला पडलं?" या सहा अक्षरी चौकशीला उत्तर म्हणून मुंबईतल्या कितीतरी लिफ्टमध्ये किमतीचं स्टिकर नखाने खरवडून काढलं जातं आणि चोवीसशेचं चौदाशे होतं. खोटं सांगितलेली वस्तू पुढेही खुलेपणाने वापरता येत नाही. नवराबायकोंनी दोघांची दोन खाती ठेवावीत, रक्कम सारखी, आणि एकमेकांच्या खात्यातल्या खरेदीबद्दल बोलायचं ते फक्त वस्तूबद्दल. एकाचा पगार जास्त असला तरी रक्कम सारखीच. पगाराच्या प्रमाणात ठेवली की ज्याची कमी त्याचा हात आणखी आखडतो. घरी राहून संसार बघणाऱ्या व्यक्तीच्या नावावरही तेवढंच, आणि त्यात "आज थोडे दे" नाही.

एवढं सगळं करूनही औषधं, चष्मा, पावसाळ्यात गळणारे बूट अशा गरजेच्या खर्चालाही छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, घेतलेल्या वस्तू वारंवार परत केल्या जात असतील, तर तो खात्याच्या आवाक्यातला विषय नाही. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

शेवटी फॉर्म भरतानाच्या दोन गोष्टी. नॉमिनी लगेच नोंदवा; नोव्हेंबर २०२५पासून चार जणांपर्यंत नोंदवता येतात, पण या खात्याला एक पुरे. आणि डेबिट कार्ड घेऊ नका, त्याच्या वार्षिक शुल्कात एखाद्या नाटकाचं तिकीट निघतं. कार्डाशिवाय यूपीआय पिन बसत नाही असं काउंटरवर सांगितलं जाईल. आधार ओटीपीने बसतो. फक्त आधारला आणि खात्याला मोबाईल नंबर एकच हवा, तो फॉर्म देण्याआधी तपासून घ्या.